हिशेब कुणाला द्यायचा?

गेल्या पावसाळ्यात बंगळुरूपासून तास-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या 'जमाबंदी'ला हजर राहण्याचा योग आला. एका कन्नड सहकाऱ्याचे ते गाव. 'जमाबंदी' हा शब्द ऐकून मी आधी चकितच झालो. आपल्याकडे जमाबंदी म्हणजे जमीन महसुलाची आकारणी. पुण्यातले जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कर्नाटकात मात्र याच शब्दाला पंचायत राज्यव्यवस्थेत एक वेगळाच अर्थ आला आहे. ग्रामपंचायतीने वर्षभरात जमा केलेल्या व खर्च केलेल्या पैशाचा हिशेब गावासमोर वाचून दाखवायचा आणि त्या हिशेबातली कामे जागेवर जाऊन पाहायची, याला तेथे जमाबंदी म्हणतात. त्यासाठी 2000 साली नियम झाले. दरवर्षी साधारण 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर या महिन्याभरात ही जमाबंदी व्हावी, आणि तेथे पंचायतीबाहेरचा एक अधिकारी बसावा, अशी योजना आहे.

माझे कन्नड बेताचेच. तरीही 'लेक्क' म्हणजे आपला 'लेखा', एवढे कळत होते. पंचायत विकास अधिकारी आकडे वाचत होता आणि पन्नास-साठ माणसे शेडमध्ये बसून ऐकत होती, काही जांभयाही देत होती. पिण्याच्या पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचा तिसरा आकडा वाचला गेला तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. मोटार वर्षात तीनदा दुरुस्त झाली म्हणता, आमच्या गल्लीत तर पाणी फक्त एकदाच बंद होते, मग उरलेल्या दोन दुरुस्त्या कोणत्या, असा त्यांचा प्रश्न. सभेत हशा पिकला. पण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने व्हाउचर मागवले. त्यावरून दोन दुरुस्त्या दुसऱ्या वाडीतल्या विहिरीवरच्या निघाल्या. त्या वाडीचा एक म्हातारा उठून म्हणाला, एक झाली खरी, दुसरी आम्ही पाहिली नाही. त्याचे म्हणणे नोंदवहीत लिहून घेतले गेले.

पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, आणि या लेखाचा तो विषयही नाही. मला महत्त्वाची वाटली ती प्रश्नाची जात. मोटारीचे बिल नियमानुसार होते, सह्या होत्या, शिक्का होता. कोणत्याही लेखापरीक्षकाने ते मान्य केले असते. ते खरे की खोटे हे सांगू शकणारी माणसे मात्र फक्त त्या शेडमध्येच बसलेली होती.

पैसा किती आणि कोणाचा

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली. तोवर ग्रामपंचायत म्हणजे दिवाबत्ती, गटार आणि कोंडवाडा एवढाच सर्वसाधारण समज होता. आज चित्र वेगळे आहे. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींकरिता 2 लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता सुमारे 2 लाख 36 हजार कोटी सुचवले, आणि त्यातला 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून ठेवला. याखेरीज रोजगार हमीची कामे, घरकुले, राज्याच्या योजना आहेतच. देशात अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार, कर्नाटकात सुमारे 6 हजार. कर्नाटकात एका पंचायतीत अनेक गावे येतात, आपल्याकडे बहुधा एक-दोन, म्हणून हा फरक.

आता दुसरा आकडा पाहा. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये पंचायतींच्या वित्तव्यवहारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार पंचायतींच्या एकूण महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. सुमारे 95 टक्के पैसा केंद्राच्या व राज्याच्या अनुदानातून येतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे धोक्याची घंटा ऐकू आली पाहिजे. माणूस स्वतःच्या खिशातून दिलेल्या पैशाचा हिशेब मागतो. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब गाव चोख मागते, फटाक्यांवर किती गेले हे पोरेसोरेही विचारतात. पण वरून आलेला पैसा 'सरकारचा' असतो. सरकारचा म्हणजे कोणाचाच नाही. तो बुडाला तरी आपले काही गेले असे कोणाला वाटत नाही. काडेपेटी आणि मोबाइलच्या रिचार्जवरचा करही आपणच भरतो, हे विसरायला होते. परिणामी, पैसा जितका लांबून येतो, तितका हिशेबही लांबच पाठवला जातो.

वर जाणारा हिशेब

मी केंद्र शासनाच्या सेवेत तीस वर्षे काढली. या काळात किती उपयोगिता प्रमाणपत्रे माझ्या मेजावरून गेली याची गणती नाही. 'मंजूर अनुदान मंजूर प्रयोजनासाठीच खर्च झाले' असे एक वाक्य, खाली सही, शिक्का, दिनांक. ते आले की पुढचा हप्ता मोकळा. ते आले नाही की स्मरणपत्र. गटार झाले का, हे आम्ही कधी विचारले नाही. प्रमाणपत्र आले का, एवढेच विचारले. यात कोणाची लबाडी नव्हती. दिल्लीत किंवा बंगळुरूत बसून गटार दिसत नाही, कागद दिसतो.

राज्यघटनेच्या 243-ञ या अनुच्छेदाने पंचायतींचे हिशेब व त्यांची तपासणी यांबाबतचे कायदे करणे राज्यांवर सोडले. महाराष्ट्रात स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा कायदा तर थेट 1930 सालचा. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा. 2011 च्या लेखासंहितेने हिशेबाचे नमुने 33 केले. नमुना 5 म्हणजे रोकडवही, नमुना 8 म्हणजे कर आकारणी, नमुना 9 म्हणजे मागणी. हे सर्व आवश्यक आहे याबद्दल मला शंका नाही. 2020 साली ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ आले, आणि पंचायतीचा खर्च घरबसल्या पाहता येऊ लागला, ही तर मोठीच सोय. पण 33 नमुने भरायचे कोणी? सरपंचाला सहीचा अधिकार आहे, लिहिण्याचे प्रशिक्षण बहुधा नाही. 2024 पासून ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्या आपल्या जुन्या ग्रामसेवकाकडे अनेक ठिकाणी एकाहून अधिक गावे असतात. त्याचे निम्मे आयुष्य तालुक्याच्या बैठकांत जाते. मग मार्चअखेर आला की कागद पुरे केले जातात. कामे पुरी होणे ही वेगळी गोष्ट.

माझ्याच घरासमोरचे गटार

येथे मला एक स्वानुभव सांगितला पाहिजे, जरी तो मला फारसा भूषणावह नाही.

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात. वडिलोपार्जित घर बंद असते. मी वर्षातून दोनदा जातो, घरपट्टी भरतो, पावती घेतो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी बंगळुरूच्या घरात बसून सहज म्हणून संकेतस्थळावर गावाच्या पंचायतीचा खर्च उघडला. त्यात आमच्या गल्लीचे नाव घालून बंदिस्त गटाराची नोंद होती. रक्कम दोन लाखांच्या आतली, पूर्ण अदा झालेली. मी आदल्याच महिन्यात गावी जाऊन आलो होतो. घरासमोर गटार नव्हते. उघडेही नाही, बंदिस्तही नाही.

सरकारी माणसाला राग आला की तो पत्र लिहितो. मी जिल्हा परिषदेला उद्देशून दोन पानी तक्रार तयार केली, कलमांसह. पाठवण्यापूर्वी चुलतभावाला फोन केला तो केवळ तपशील पक्का करण्यासाठी. तो म्हणाला, "दादा, गटार झालंय. पण आपल्या गल्लीत नाही, खालच्या वस्तीत. एकदा येऊन बघ की."

गेलो. गटार होते, आणि चांगले होते. हकिकत अशी की आराखडा तयार झाला तेव्हा काम आमच्या गल्लीसाठी होते. त्या पावसाळ्यात खालच्या मागासवर्गीय वस्तीत पाणी घरात शिरले. ग्रामसभा झाली, आधी वस्तीतले गटार करावे असे ठरले, इतिवृत्तात ठराव आहे, त्याखाली सह्या आहेत. पण काम बदलायचे तर नवे अंदाजपत्रक, नवी तांत्रिक मान्यता, नवी प्रशासकीय मान्यता. तोवर वर्ष संपले असते. म्हणून काम बदलले, कागद बदलला नाही. सरपंच होत्या त्याच वस्तीतल्या एक बाई, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. माझे पत्र गेले असते तर चौकशीत कागदोपत्री त्या दोषी ठरल्या असत्या, आणि त्यांचे पद गेले असते. त्यांच्याविरुद्ध असे पत्र कोणी लिहावे याची वाट पाहणारेही गावात होतेच.

त्या मला फक्त एवढेच म्हणाल्या, "साहेब, ठराव झाला त्या सभेला तुम्हाला पण नोटीस होती. घराला चिकटवली होती."

माझ्या घराचे दार बंद होते. नोटीस पावसाने गळून गेली असणार.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या गटाराची नोंद खोटी होती, पैसा मात्र सचोटीने खर्च झाला होता. त्या कन्नड गावातल्या मोटारीची नोंद निर्दोष होती आणि पैशाबद्दल शंका होती. वर जाणारा हिशेब पहिल्याला पकडतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. दोन्ही ठिकाणी सत्य सांगू शकले ते गावच. याचा अर्थ नियम मोडायला मुभा असावी असा नाही. ठराव झाल्यावर त्याची प्रत वर कळवून नोंद दुरुस्त करायला हवी होती, आणि ती चूक होतीच. पण चूक आणि चोरी यांतला फरक ज्या यंत्रणेला कळत नाही, ती यंत्रणा सज्जनांना कागदी बनवते आणि कागदी लोकांना निर्भय.

खाली द्यायचा हिशेब

हा विचार काही नवा नाही. तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळ राजाच्या काळातले, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले शिलालेख आहेत. गावच्या सभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे नियम मंदिराच्या भिंतीवर कोरले आहेत. नावे लिहिलेल्या ताडपत्राच्या चिठ्ठ्या घड्यात टाकायच्या आणि लहान मुलाने एक काढायची. ती सभा ब्राह्मणांच्या अग्रहाराची होती, जमीन व विद्या यांच्या अटी होत्या, त्यामुळे तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण एक नियम आजही लागू करावा असा आहे. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र. शिवाय हा नियम कोठारातल्या वहीत दडवला नाही, तर जाता-येता सर्वांना दिसेल अशा भिंतीवर कोरला.

अलीकडच्या काळात हाच धागा राजस्थानात पुन्हा उचलला गेला. मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कागदांवरची कामे व मजुरी गावासमोर मोठ्याने वाचायची, आणि ज्याचे नाव आहे त्याने उठून खरे-खोटे सांगायचे. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा तिला मोठा आधार मिळाला, आणि 2005 मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले.

बंगळुरू शहरानेही 2002 मध्ये असा प्रयोग पाहिला. पब्लिक अफेअर्स सेंटर, जनाग्रह आदी संस्थांनी 'प्रूफ' नावाची मोहीम काढून महानगरपालिकेचे तिमाही हिशेब नागरिकांसमोर मांडायला लावले. परंतु शहर आणि गाव यांत एक मूलभूत फरक आहे. शहरात आयुक्तांना प्रश्न विचारणाऱ्याला ते आयुक्त दुसऱ्या दिवशी भेटत नाहीत. गावात सरपंच भावकीतला असतो. पाण्याची चावी ज्याच्या हातात, त्यालाच पाण्याचा हिशेब विचारायचा असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, प्रश्न विचारण्याची किंमत एकट्याने मोजायची आणि त्याचा लाभ सर्व गावाने घ्यायचा. अशा वेळी बहुतेक शहाणी माणसे गप्प बसतात. म्हणून 'लोक जागरूक नाहीत' असे म्हणून प्रशासनाने हात झटकणे बरोबर नाही. प्रश्न विचारणे स्वस्त करणे, हे प्रशासनाचेच काम आहे. जमाबंदीचे मोल मला येथे दिसते. त्या दिवशी त्या बाईंनी विचारलेला प्रश्न कार्यक्रमाचाच भाग होता. एरवी तो भांडण ठरला असता.

जमाबंदी सगळीकडे अशीच होते असे नाही. पुष्कळ ठिकाणी फलक लावतात, छायाचित्र काढतात आणि चहा पितात. महाराष्ट्रातही अधिनियमाच्या कलम 8 नुसार वार्षिक हिशेब आणि मागील लेखापरीक्षणाची टिप्पणी ग्रामसभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. किती गावांत ती टिप्पणी वाचली जाते, हे वाचकांनी आपापल्या गावात विचारून पाहावे. म्हणून काही सूचना:

1. हिशेब वाचण्याआधी किमान आठ दिवस व्हाउचरे व मोजमाप पुस्तिका पंचायतीत सर्वांना पाहण्यासाठी खुल्या असाव्यात. त्या क्षणी ऐकून त्याच क्षणी प्रश्न सुचत नाहीत.

2. कामाची रक्कम, लांबी-रुंदी व कंत्राटदाराचे नाव कामाच्या जागीच भिंतीवर रंगवावे. उत्तिरमेरूरचे शहाणपण एवढेच आहे.

3. ग्रामसभेच्या ठरावाने, ठरावीक मर्यादेत, कामाची जागा बदलण्याची मुभा व त्यासाठी एका पानाचा साधा नमुना असावा. मग खोटे लिहिण्याची गरजच उरणार नाही.

4. आठ-दहा पंचायतींच्या गटाला एक प्रशिक्षित लेखापाल द्यावा. आज दोन्ही राज्यांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यांच्यावर जबाबदारी टाकायची आणि मदतनीस द्यायचा नाही, हा न्याय नव्हे.

5. जमाबंदीला बसणारा अधिकारी दुसऱ्या तालुक्यातला असावा, आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नांचे काय झाले हे वाचूनच त्याने सभा सुरू करावी.

6. पंचायतीने स्वतःच्या करांचा हिशेब वेगळा व सर्वात आधी वाचावा. एक टक्का का असेना, पण 'हा आमचा पैसा' ही सवय तेथूनच लागेल.

आपण, जे गावाबाहेर आहोत

हा लेख वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच गाव सोडून आलेले असतील. कोणी बंगळुरूत, कोणी इंदूर-बडोद्यात, कोणी समुद्रापलीकडे. गावाबद्दल आपल्याला प्रेम असते आणि मते तर भरपूर असतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण देणगी देतो, त्यावर नाव कोरले जाते. घरपट्टी मात्र चार-चार वर्षे थकते, कारण 'तिथे राहतो कोण?' आणि संकेतस्थळावर एखादी नोंद खटकली की लगेच 'गावात नुसता भ्रष्टाचार आहे' असा निकालही देऊन टाकतो. आपल्याला दिसतो तोही कागदच, हे विसरतो.

जरूर पाहा ते संकेतस्थळ. आपल्या गावाचे नाव शोधा, आकडे वाचा. पण तक्रार लिहिण्यापूर्वी गावात कोणाला तरी ती जागा पाहून यायला सांगा. जमल्यास स्वतः जा. घरपट्टी वेळेवर भरा, म्हणजे विचारताना आवाज खाली येणार नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांपैकी एका तारखेला तरी सुट्टीचा बेत गावाकडचा असू द्या, कारण आपल्याकडे ग्रामसभा बहुधा याच दिवशी भरते.

मी त्यानंतरच्या 1 मेला गेलो. लेखापरीक्षणाची टिप्पणी वाचावी, अशी विनंती केली. ती कपाटातून काढायला वीस मिनिटे लागली, पण वाचली गेली. त्यात गटाराची नोंद दुरुस्त करण्याचा ठराव मांडला, तो मंजूर झाला. माझी ती दोन पानी तक्रार अजून माझ्याकडे आहे. कोणतेही प्रमाणपत्र हातात आले की ती आठवते, आणि सही करण्याआधी मी एक फोन करतो.